आलिस सालोमन : समाजसेवेच्या आचार्या

दया माणसाच्या अंतःकरणात उपजतच असते, ती शिकवून येत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भुकेल्याला घासभर अन्न द्यावे, आजाऱ्याच्या उशाशी घटकाभर बसावे, निराधार विधवेच्या हातावर चार नाणी ठेवावी, एवढ्यासाठी शाळा कशाला हवी? परोपकाराचे वर्ग भरवावयाचे, त्याची परीक्षा घ्यावयाची आणि उत्तीर्ण होणाऱ्यास प्रशस्तिपत्रक द्यावयाचे, ही कल्पना पहिल्याने ऐकणाऱ्यास हसूच येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील सुशिक्षित लोकांनाही असेच हसू येत असे. या हसण्याकडे दुर्लक्ष करून ज्यांनी समाजसेवेचे रीतसर शिक्षण उभारले, त्यांत बर्लिनच्या डॉ. आलिस सालोमन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांनी शाळा काढली, ती वाढविली, तिच्या धर्तीवर देशोदेशींच्या शाळांची एक संघटना बांधली. आणि अखेरीस एके दिवशी आपणच स्थापन केलेली एक संस्था आपल्याच हातांनी मिटविली. त्यांचे मोठेपण कळावयास या दोन्ही गोष्टी ध्यानात घेणे अवश्य आहे.

आलिस सालोमन यांचा जन्म १९ एप्रिल १८७२ रोजी बर्लिन येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील चामड्याचे व्यापारी होते. मुलगी लहान असतानाच ते निवर्तले. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलींची शाळा चौदा-पंधराव्या वर्षी संपे. पुढे लग्न ठरेपर्यंत पियानो, भरतकाम आणि पाहुण्यांची सरबराई यांत दिवस घालवावयाचे, हा सुखवस्तू घरातील कन्यांचा क्रम होता. आलिसच्या मनात शिक्षिका व्हावयाचे होते. परंतु घरंदाज मुलीने वेतन घेऊन काम करणे म्हणजे कुळाला कमीपणा, असे घरच्यांचे मत पडले. बुद्धी तल्लख, हातांत बळ, आणि करावयास काही नाही, अशी सात-आठ वर्षे तिने काढली. रिकामपण हे देखील एक दुःख असते, हे तिला या वर्षांत पुरेपूर कळले.

त्याच शहरात दुसरीकडे याच्या अगदी उलट देखावा होता. १८७१ साली बर्लिनची वस्ती सुमारे आठ लाख होती. १९०० साली ती एकोणीस लाखांच्या घरात गेली. कारखान्यांच्या ओढीने खेड्यापाड्यांतून आलेली ही माणसे पाच-पाच मजली इमारतींत कोंबलेली असत. एका चौकाच्या मागे दुसरा चौक, दुसऱ्याच्या मागे तिसरा, आणि शेवटच्या चौकात सूर्यकिरण पोहोचेल तर शपथ! या इमारतींना बर्लिनकर ‘भाड्याच्या बराकी’ म्हणत. मुंबईच्या गिरणगावातील चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याहून अधिक वर्णनाची जरुरी नाही. आई-बाप दोघेही कामावर गेल्यावर मुले जिन्यांवर वाढत.

गरिबांना साहाय्य देण्याची व्यवस्था नव्हती असे नाही. एल्बरफेल्ड या गावी १८५३ साली एक पद्धत सुरू झाली होती आणि ती जर्मनीतील अनेक शहरांनी उचलली होती. शहराचे लहान लहान भाग पाडावे, प्रत्येक भागासाठी एक प्रतिष्ठित नागरिक विनावेतन नेमावा, त्याने आपल्या वाट्याच्या थोड्या कुटुंबांची विचारपूस करावी, अशी ती योजना होती. योजना चांगली होती. परंतु तिच्यात दोन उणिवा होत्या. हे नागरिक बहुधा पुरुषच असत. बाळंतिणीची किंवा तान्ह्या मुलाची अडचण त्यांना कशी कळावी? दुसरे असे की, प्रतिष्ठा हीच त्यांची पात्रता होती. गरिबी का येते, याचा अभ्यास कोणी केलेला नसे.

१८९३ साली बर्लिनमधील काही विचारी स्त्री-पुरुषांनी ‘समाजसाहाय्यासाठी मुलींची व स्त्रियांची मंडळे’ या नावाची संस्था काढली. एकीकडे रिकाम्या बसलेल्या सुशिक्षित मुली आणि दुसरीकडे अपुऱ्या पडणाऱ्या संस्था, यांची गाठ घालून द्यावी हा तिचा हेतू होता. एकवीस वर्षांच्या आलिसला तिचे निमंत्रण आले आणि ती पहिल्याच तुकडीत दाखल झाली. आपले आयुष्य खऱ्या अर्थाने तेव्हाच सुरू झाले, अशी तिची पुढे भावना होती. मजूर स्त्रियांच्या मुलींसाठी चालविलेल्या संगोपनगृहात ती काम करू लागली. कामकरी तरुणींसाठी एक मंडळ चालविण्यात तिने पुढाकार घेतला. जॅनेट श्वेरिन या कर्तबगार बाई या संस्थेच्या प्रमुख होत्या. आलिसने त्यांना गुरुस्थानी मानले. १८९९ साली श्वेरिनबाई वारल्या आणि संस्थेची धुरा सत्तावीस वर्षांच्या आलिसवर आली.

येथे तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. मुली उत्साहाने येत, गरिबाच्या घरी जात, डोळ्यांत पाणी आणून परत येत. आणि काही महिन्यांनी त्यांचा उत्साह ओसरे. ज्यांचा ओसरत नसे त्यांच्या हातून कित्येकदा भलतेच होऊन बसे. समजा, एखादी बाई कोळशासाठी मदत मागावयास आली. मुलीने कोळसा दिला, बाई आशीर्वाद देऊन गेली. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली. तिच्या नवऱ्याला क्षयाने ग्रासले आहे काय, आजाराच्या विम्याचे पैसे त्याला मिळण्याजोगे आहेत काय, थोरल्या मुलाला शाळेतून काढून कामास धाडले आहे काय, घरमालक खोली सोडावयास सांगतो आहे काय, यांतील काहीच त्या मुलीने विचारलेले नसे. कारण काय विचारावयाचे हेच तिला ठाऊक नसे. कायदा, अर्थशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि बालसंगोपन यांचे ज्ञान नसेल तर दयेला डोळे नसतात, हे आलिसबाईंनी अनुभवाने ओळखले. म्हणून १८९९ सालीच त्यांनी समाजकार्याचा एक वर्षाचा शिक्षणक्रम सुरू केला. याच सुमारास इतरत्रही असे प्रयत्न होत होते. न्यूयॉर्क येथे १८९८ साली उन्हाळी वर्ग भरला होता आणि १८९९ साली आम्स्टरडॅम येथे समाजकार्याची शाळा निघाली होती.

दुसऱ्यांना शिकवावयाचे तर आपला पाया पक्का हवा, हे जाणून आलिसबाई विद्यापीठाकडे वळल्या. परंतु प्रशियातील विद्यापीठांचे दरवाजे तेव्हा स्त्रियांना रीतसर उघडलेले नव्हते, आणि शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्रही त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी तोवर प्रसिद्ध केलेले लेखन पाहून काही प्राध्यापकांनी त्यांची शिफारस केली आणि १९०२ साली बर्लिन विद्यापीठात पाहुण्या श्रोत्या म्हणून त्यांना बसू देण्यात आले. चार वर्षांनी, १९०६ साली, त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टर ही पदवी संपादन केली. प्रबंधाचा विषय होता, पुरुषांच्या व स्त्रियांच्या कामाला असमान वेतन का मिळते, त्याची कारणे. ज्या संस्थेने त्यांना दारातून आत घ्यावयास एवढे आढेवेढे घेतले, तिच्याच पुढे त्यांनी हा प्रश्न मांडला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९०८ साल जर्मन स्त्रियांच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी प्रशियाने विद्यापीठे स्त्रियांना खुली केली, त्याच वर्षी नव्या कायद्याने स्त्रियांना राजकीय संस्थांचे सभासद होता येऊ लागले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात आलिस सालोमन यांची ‘सामाजिक स्त्रीशाळा’ शोनेबर्ग येथे सुरू झाली. बालशिक्षणाच्या क्षेत्रात विख्यात असलेल्या पेस्टालोझी-फ्रोबेल गृहाचा तिला आधार मिळाला. शिक्षणक्रम दोन वर्षांचा होता. पहिल्या वर्षी विद्यार्थिनीने बालोद्यानात मुलांमध्ये काम करावयाचे, घरकाम व आरोग्य यांचे पाठ घ्यावयाचे. दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्र, नागरिकशास्त्र, कायदा, दारिद्र्यनिवारणाच्या पद्धती आणि शिक्षणशास्त्र यांचा अभ्यास करावयाचा व त्याच्या जोडीने प्रत्यक्ष वस्तीत जाऊन काम करावयाचे. वस्तीत जे पाहावयाचे ते वर्गात तपासावयाचे, आणि वर्गात जे शिकावयाचे ते वस्तीत कसाला लावावयाचे, असा हा येरझारांचा मार्ग होता. १९१४ साली शाळेला स्वतःची इमारत मिळाली.

या शाळेचे आणखी एक वैशिष्ट्य होते. जर्मनीत दानधर्माच्या संस्था बहुधा पंथवार विभागलेल्या असत. प्रॉटेस्टंटांच्या निराळ्या, कॅथॉलिकांच्या निराळ्या, ज्यूंच्या निराळ्या. आलिसबाईंची शाळा मात्र कोणत्याही एका पंथाची नव्हती. तिन्ही समाजांतील मुली एका बाकावर बसत आणि आपल्या पंथाबाहेरच्या कुटुंबांची विचारपूस करावयास जात. ज्याला साहाय्य द्यावयाचे त्याची भूक पाहावयाची, त्याचे प्रार्थनामंदिर पाहावयाचे नाही, हा धडा त्यासाठी निराळा शिकवावा लागत नसे. साहाय्य हे श्रीमंताने गरिबावर केलेले उपकार नसून समाजाने फेडावयाचे ऋण आहे, ही आलिसबाईंच्या विचाराची मूळ बैठक होती.

त्यांच्या विचारातील मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शाळा फक्त स्त्रियांसाठी होती. मातृहृदय हेच समाजसेवेचे खरे भांडवल असून ते स्त्रीपाशी अधिक असते, असे त्या मानीत. आरंभी येणाऱ्या मुली बहुतेक सुखवस्तू घरांतील असत, आणि हे काम विनावेतनच शोभते, असा बाईंचाही पूर्वी कल होता. महायुद्धाने आणि त्यानंतरच्या चलनवाढीने मध्यमवर्गाची मिळकत धुऊन नेली, तेव्हा पोटासाठी काम करणारी शिक्षित सेविका ही नवी व्यक्ती पुढे आली. बाईंनी या बदलाला विरोध केला नाही. उलट त्याला व्यवस्था दिली. १९१७ साली जर्मनीतील अशा शाळांची परिषद त्यांनी स्थापन केली व तिचे अध्यक्षपद सांभाळले. १९२० च्या सुमारास प्रशियाच्या सरकारने समाजसेविकांसाठी शासकीय परीक्षा ठरवून दिली, तेव्हा एका हौशी मंडळाने सुरू केलेले काम मान्यताप्राप्त व्यवसायाच्या पदवीस पोहोचले.

१९२५ साली त्यांनी शाळेचे प्रमुखपद सोडले आणि ‘स्त्रियांच्या सामाजिक व शैक्षणिक कार्याची जर्मन अकादमी’ उभारली. काही वर्षे काम केलेल्या अनुभवी स्त्रियांना येथे उच्च शिक्षण मिळे, संशोधन करावयास मिळे. कुटुंबसंस्थेच्या तत्कालीन स्थितीविषयी तिने अभ्यासग्रंथांची मालाच प्रसिद्ध केली. १९२६ साली बाईंचा ‘सामाजिक निदान’ हा ग्रंथ निघाला. वैद्य जसा रोग्याची नाडी पाहून, पूर्वेतिहास विचारून मग औषध देतो, तसे समाजसेविकेने कुटुंबाची सर्व बाजूंनी माहिती काढून मग साहाय्याचा मार्ग ठरवावा, हे त्याचे सार. अमेरिकेतील मेरी रिचमंड यांनी १९१७ साली याच विषयावर ग्रंथ लिहिला होता. त्याचा उपयोग करून, परंतु जर्मन परिस्थितीला धरून, बाईंनी आपले पुस्तक रचले.

त्यांचे नाव आता सीमापार गेले होते. शिकागो येथील जेन ॲडम्स यांच्याशी त्यांचा स्नेह होता आणि त्यांचे ‘हल हाऊस’ त्यांनी पाहिले होते. १९२८ साली पॅरिस येथे समाजकार्याची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली; ४२ देशांचे प्रतिनिधी तिला आले होते. तेथे झालेल्या ठरावातून पुढल्या वर्षी, १९२९ साली, समाजकार्य-शाळांची आंतरराष्ट्रीय समिती जन्मास आली आणि तिच्या पहिल्या अध्यक्षा आलिस सालोमन झाल्या. १९३२ साली त्यांनी साठी गाठली. बर्लिन विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने त्यांना सन्माननीय डॉक्टर केले, प्रशिया सरकारने पदक दिले आणि त्यांच्या शाळेला त्यांचेच नाव देण्यात आले.

या गौरवाच्या तळाशी मात्र एक जुनी सल होती. जर्मन स्त्रीसंस्थांच्या महासंघाचे काम त्यांनी वीस वर्षे केले होते आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे येणार अशी अपेक्षा होती. परंतु १९२० साली त्यांना बाजूला ठेवण्यात आले. ज्यू नावाची आणि ज्यू कुळातील स्त्री अध्यक्षस्थानी बसविली तर लोकांत विरोध माजेल, अशी भीती सहकाऱ्यांना वाटली. बाईंनी १९१४ सालीच प्रॉटेस्टंट पंथाची दीक्षा घेतली होती. पण कुळ पाहणाऱ्याला दीक्षेचे काय? त्यांनी महासंघातील पदाचा राजीनामा दिला. भीती घालणारे बाहेरचे होते. भ्यायलेले मात्र घरचेच होते. तेरा वर्षांनी काय होणार होते, त्याची ही पहिली चाहूल म्हणावी लागेल.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर अधिकारावर आला. ७ एप्रिल रोजी निघालेल्या कायद्याने ज्यू वंशाच्या सरकारी नोकरांना काढून टाकण्याचा सपाटा सुरू झाला. तोच दंडक इतर संस्थांवरही येणार, हे उघड होते. अकादमीपुढे दोन मार्ग होते. ज्यू अध्यापकांना व विद्यार्थिनींना निरोप द्यावा आणि संस्था वाचवावी. किंवा कोणालाच निरोप देऊ नये आणि संस्था जाईल तर जाऊ द्यावी. जगातील पुष्कळ शहाणी माणसे अशा वेळी पहिला मार्ग धरतात. संस्था टिकली तर पुढेमागे चांगले दिवस येतील, असे ती म्हणतात. आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नसतेच असेही नाही. ५ मे १९३३ रोजी अकादमीच्या चालक मंडळाची बैठक झाली आणि आलिसबाईंच्या सल्ल्याने मंडळाने अकादमी विसर्जित केली. आठ वर्षांचे काम एका बैठकीत संपले. नव्या राज्यकर्त्यांच्या हाती पडावयास अकादमीच उरली नाही.

शाळेची गत निराळी झाली. तिचे चालकपद बाईंनी केव्हाच सोडलेले होते. शाळा टिकली, परंतु तिच्यावरील बाईंचे नाव गेले, ज्यू अध्यापक व विद्यार्थिनी गेल्या, आणि अभ्यासक्रमात वंशशुद्धीची तत्त्वे आली. १४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारने आनुवंशिक रोग्यांना सक्तीने वंध्य करण्याचा कायदा केला. अशी माणसे हुडकावयाची कोणी? ज्या समाजसेविका घरोघर जात, ज्यांना कुटुंबांची आतली माहिती असे, त्यांच्याकडूनच टिपणे मागविण्यात आली, आणि पुष्कळींनी ती दिली. ज्या विद्येने गरिबाचे दुःख ओळखावयाचे, तीच विद्या त्याला गुन्हेगारासारखे नोंदवहीत घालावयास कामी आली. शिक्षण तर दोन्हीकडे होते. नाहीसे झाले होते ते एवढेच की, समोरचा माणूस आपल्यातलाच आहे ही भावना. हे पाहिले म्हणजे ५ मेच्या बैठकीचा अर्थ नीट कळतो. सर्वांना सामावून घेणे हा त्या शिक्षणाला वरून दिलेला मुलामा नव्हता. तो काढून घेताच मागे जे उरले ते समाजसेवेचे शिक्षण राहिलेच नाही.

बाईंची सार्वजनिक पदे गेली होती. तरी त्या बर्लिनमध्येच राहिल्या आणि पोटापाण्यास मुकलेल्या ज्यू समाजसेविकांना परदेशी आश्रय मिळवून देण्याच्या खटपटीत गढून गेल्या. आंतरराष्ट्रीय समितीमुळे देशोदेशी झालेल्या ओळखी आता अशा कामी आल्या. या काळातच त्यांनी जगभरच्या समाजकार्य-शाळांची पाहणी लिहून काढली. ती १९३७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी गेस्टापो या गुप्त पोलिसांनी त्यांना चौकशीस बोलाविले आणि तीन आठवड्यांत देश सोडण्याचा हुकूम दिला. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, जन्मभर ज्या शहराची सेवा केली ते सोडून, त्या इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कला गेल्या. १९३९ साली जर्मन सरकारने त्यांचे नागरिकत्व आणि त्यांच्या डॉक्टर पदव्याही काढून घेतल्या.

अमेरिकेत त्यांना मान मिळाला, परंतु काम मिळाले नाही. त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले, त्याला प्रकाशक भेटला नाही. १९४४ साली त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. युद्ध संपल्यावर, १९४५ साली, शाळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना सन्माननीय अध्यक्षा केले. ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे एकाकी अवस्थेत निधन झाले.

आत्मचरित्राचे हस्तलिखित पुढे पुष्कळ वर्षे पडून राहिले. त्याचे जर्मन भाषांतर १९८३ साली प्रसिद्ध झाले आणि मूळ इंग्रजी ग्रंथ २००४ साली. १९९१ साली बर्लिनच्या शाळेला, जी आता उच्च शिक्षणाची संस्था झाली होती, त्यांचे नाव पुन्हा देण्यात आले. १९९८ साली ती शहराच्या पूर्व भागातील हेलर्सडॉर्फ येथे गेली. तेथे आता स्त्री-पुरुष दोघेही शिकतात. १९२९ साली लावलेले आंतरराष्ट्रीय समितीचे रोप आज समाजकार्य-शाळांचा जागतिक संघ झाले आहे.

मुंबईकरांना ही विद्या परकी नाही. बाईंना देशत्याग करावा लागला त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ साली, सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय मुंबईत सुरू झाले होते. नागपाड्यातील वस्तीत दहा वर्षे काम केलेले अमेरिकन मिशनरी डॉ. क्लिफर्ड मॅन्शर्ट हे त्याचे पहिले संचालक. बर्लिनमध्ये जो अनुभव १८९९ साली आलिसबाईंना आला, तोच नागपाड्यात त्यांना आला. अंतःकरण चांगले असून भागत नाही, शिकलेली माणसे हवीत. हिंदुस्थानातील समाजकार्याच्या पद्धतशीर शिक्षणाची सुरुवात या विद्यालयापासून धरतात. १९४४ पासून ते टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. अशा कोणत्याही विद्यालयात नव्या वर्षाची यादी लागते, तेव्हा तिच्यात कोणाची नावे आहेत हे जसे पाहिले जाते, तसे कोणाची नाहीत हेही पाहिले पाहिजे. आलिसबाईंनी आपल्या अकादमीच्या यादीतून एकही नाव खोडले नाही. त्यापेक्षा त्यांनी अकादमीच बंद केली.